सहा लिटरचा वाद

दाजींच्या मते डिझेल मोटारींचा इतिहास २०१२ साली संपला. त्या साली आउडीने क्यू-सेव्हनचं बारा सिलिंडरचं मॉडेल बंद केलं. त्यानंतर आलेल्या गाड्यांनाही ते गाड्याच म्हणतात, पण तोंड वाकडं करून.

तासगावकडे त्यांचा ट्रकांचा धंदा आहे, सोबत थोडी द्राक्षबाग. सध्या दीड कोटीच्या आसपासची डिझेल एसयूव्ही घ्यायचं घाटतं आहे. मेहुणा पुण्याला इंजिनांच्या चाचणी विभागात असतो. इंजिन बेडवर चढवायचं, डायनोला जोडायचं आणि ते कुठे कण्हतं, कुठे धूर सोडतं हे लिहून काढायचं, हे त्याचं काम. दोघांचं एरवी छान जमतं. गाडीचा विषय निघाला की मात्र ताई चहा ठेवून आत जाते ती थेट ताटं घेऊनच बाहेर येते. मी दाजींचा जुना मित्र म्हणून मध्ये बसलेला. (गाडीतलं मला तेलाची काडी काढून बघण्यापलीकडे फारसं कळत नाही, पण अशा वादाला ऐकणारा एक लागतोच.)

टेबलावर मर्सिडीज जीएलएस ४५० डीचं माहितीपत्रक पडलं होतं. ठिणगी तिथूनच पडली.

दाजी : हे बघ. २०२४ च्या जानेवारीत ही आली तेव्हा एक कोटी सदतीस लाख, तेही एक्स-शोरूम. आणि इंजिन केवढं? २९८९ सीसी. तीन लिटरला अकरा सीसी कमीच! माझ्या टिपरला याच्या जवळपास दुप्पट इंजिन आहे.

मेहुणा : आणि ताकद?

दाजी : माझा टिपर खडी वाहतो लेका, त्याला ताकद विचारतोस?

मेहुणा : विचारतो ना. तुमच्या जुन्या दहा चाकी टाटाला कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन होतं. १८० हॉर्सपॉवर. त्यावर पंचवीस टनांची गाडी ओढलीत तुम्ही; कागदावर पंचवीस, काट्यावर किती ते मी बोलत नाही. तुमच्या लाडक्या आउडीचं इंजिनही तेवढंच, ५९३४ सीसी. त्यातून ५०० हॉर्सपॉवर काढली. सीसी सारखी आणि ताकद पावणेतीन पट. मग सीसी बघून काय कळलं?

दाजी : हेच कळलं की त्यांनी ते करून दाखवलं! बाकीचे आकडे मीच सांगतो, मला पाठ आहेत. टॉर्क हजार न्यूटन मीटर. अडीच टनांच्या वरचं धूड साडेपाच सेकंदांत शून्यावरून शंभरला. टॉप स्पीड अडीचशे, तोही कंपनीनेच तिथे लगाम घातला म्हणून. पुढे सिरॅमिकच्या डिस्क, ४२० मिलिमीटरच्या. तुझ्या अल्टोचं रिम त्यापेक्षा लहान आहे. आणि रक्त कुणाचं? ल माँच्या शर्यतीचं. चोवीस तासांची ती शर्यत २००६ साली पहिल्यांदा डिझेल गाडीने मारली, ती आउडीच्या आर-टेनने. तीसुद्धा बारा सिलिंडरचीच. पुढची दोन वर्षंही तीच पहिली.

मेहुणा : रक्त म्हणू नका, आडनाव म्हणा. शर्यतीचं इंजिन साडेपाच लिटरचं, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं, सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये ९० अंशांचा कोन. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन निराळं, कोन ६० अंशांचा आणि ब्लॉक बिडाचा.

दाजी : बिडाचा म्हणून नाक मुरडू नकोस.

मेहुणा : छे, त्या गाडीतलं मला सगळ्यात आवडलेलं तेच आहे. साध्या बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, तडा जायचा तर तिथूनच जातो. ह्या बिडात ते अळ्यांसारखे आखूड आणि बोथट ठेवलेत. म्हणून भिंत पातळ असूनही दाब सोसते. तुमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्या मित्राला विचारा, हे ओतताना मॅग्नेशियम जरा इकडचं तिकडं झालं की अख्खी खेप भंगारात जाते.

दाजींचा चेहरा खुलला. मेहुण्याने गाडीतलं काहीतरी चांगलं म्हटलं होतं. ते पुढे काही बोलणार तोवर मेहुण्याने उठून कपाटावरचा पिस्टन खाली घेतला. दाजींच्या एका ट्रकचं इंजिन जाम झालं होतं, त्यातला हा. रिंगच्या खाचांपैकी एकीची कड तुटलेली, एका अंगाला उभे ओरखडे. वरच्या तोंडाला मात्र एक सुबक खोलगट वाटी आणि वाटीच्या मधोमध बुटका सुळका. वाटीच्या कडेला काजळी इतकी घट्ट बसली होती की नखाने निघत नव्हती.

मेहुणा : खरं इंजिन एवढंच. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबायची, आउडीत ती सोळाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते, आणि ती तापली की तिच्यात डिझेल फवारायचं. तो फवारा ह्या वाटीत गरगरतो. आउडीच्या नोझलला आठ भोकं, एकेक ०.१२ मिलिमीटरचं. मागून दाब दोन हजार बार. तुमच्या जुन्या ट्रकचं नोझल किती बारला उघडायचं?

दाजी : दोनशे-सव्वादोनशेला सेट करायचा आमचा पंपवाला.

मेहुणा : बघा. शिवाय तो फवारा एकदम नाही, एका स्फोटासाठी पाच हप्त्यांपर्यंत. म्हणून ते पूर्वीचं खडखडणं गेलं. वर दोन टर्बो हवा कोंबतात. ताकद वाढली ती अशी. इंजिनाचं आकारमान शेवटी पिंपाचं माप आहे, त्यात काय शिजवता ते महत्त्वाचं.

दाजी : तुझी वाटी ठेव बाजूला. चाकाला काय मिळतं ते बोल. हजार न्यूटन मीटर!

मेहुणा : बोलतो. टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९५४९, की किलोवॅट आले. आउडीचे हजार न्यूटन मीटर १७५० फेऱ्यांना हजर होतात. म्हणजे १८३ किलोवॅट, अडीचशे हॉर्सपॉवर. एकूण ताकदीतली निम्मी, तीही इंजिन नुसतं गुणगुणत असताना. त्या काळच्या बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला, ५०० हॉर्सपॉवरच्या म्हणतोय मी, एवढ्यासाठी दुप्पट फेरे मारावे लागत.

दाजी : मग भांडतोयस कशाला? माझंच सांगतोयस की.

मेहुणा : अर्धंच सांगून झालंय. आता गाडीला लागतं किती ते बघू. एवढी मोठी गाडी सपाट रस्त्यावर शंभरने चालली आहे. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध धरून पंचवीस-तीस हॉर्सपॉवर पुरते. आता कुंभार्ली घाट घ्या. माणसं, सामान धरून तीन टन, पंधराला एकचा चढ, वेग साठ. माझ्या अंदाजाने साठेक हॉर्सपॉवर. उरलेल्या चारशे चाळीस कुठे ठेवायच्या?

दाजी : कुठे म्हणजे? बॉनेटखाली. पाव्हणं, तुम्ही इंजिन बेडवर पळवता, मी रस्त्यावर पळवतो. १८० च्या इंजिनाकडून रोज १८० काढून घेतली की तीन वर्षांत हेड उघडावं लागतं. त्याच लोडला २५० चं इंजिन लावलं तर ते सात वर्षं तोंडातून शब्द काढत नाही. शिल्लक ताकद ही उधळपट्टी नसते, आयुष्य असतं इंजिनाचं. आणि दुसरं. तासगावहून निघालो, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, समोरून एसटी येताना दिसते. मधे मोकळा रस्ता एवढुसा. त्या वेळी साठवरून शंभरला जायला किती वेळ लागतो त्यावर माझा जीव असतो. तुझा सरासरीचा हिशेब तिथे चालत नाही.

ह्या मुद्द्यावर मी दाजींच्या बाजूचा आहे. आपल्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर पॉवरची चैन म्हणून टिंगल करणाऱ्यांनी गळीत हंगामात संध्याकाळी सातला एकदा त्या रस्त्याने जाऊन यावं. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, एवढंच नव्हे, कधीकधी ट्रॉली कुठे संपते तेही कळत नाही.

मेहुण्यानेही ते मान्य केलं, पण वजाबाकी करून.

मेहुणा : बरोबर आहे. शिल्लक हवीच. पण साठवरून शंभरला न्यायला आउडीला समजा तीन-सव्वातीन सेकंद लागले, तर तुमच्या ह्या तीन लिटरवाल्या मर्सिडीजला चार लागतील. माझा अंदाज, कंपनीचा नव्हे. पाऊण-एक सेकंदाचा फरक. त्या सेकंदासाठी ओव्हरटेक करत असाल तर ते करूच नका. ताई विधवा व्हायची.

आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. दोघंही क्षणभर गप्प झाले. मग दाजींनी ठेवणीतलं अस्त्र काढलं.

दाजी : बोइंगचं काय मग? त्याच घराण्यातली तुआरेग. फोक्सवॅगनची. व्ही-टेन डिझेल, पाच लिटर, ३१३ हॉर्सपॉवर, ७५० न्यूटन मीटर. २००६ साली इंग्लंडात डन्सफोल्डच्या धावपट्टीवर तिने बोइंग ७४७ ओढलं. १५५ टनांचं विमान! व्हिडिओ दाखवू?

मेहुणा : बघितलाय. वेग आठाच्या आसपास, अंतर दीडशे मीटर. पण त्या तुआरेगमध्ये त्यांनी काय भरलं होतं, सांगा.

दाजी : काय भरलं होतं?

मेहुणा : वजन. चार टनांहून जास्त. गाडी सगळी मिळून सात टनांची केली होती. ओढायला १५५ टन आहेत आणि हे ओढणाऱ्यालाच चार टन चढवतात. का? विमानाच्या टायरचा विरोध वजनाच्या दीड टक्का धरा. म्हणजे दोराला साधारण २.३ टनांची ओढ लागते. रिकामी तुआरेग अडीच टनांची. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या ऐंशी टक्के धरली तर दोन टन. दोन टनांत २.३ कसे ओढणार? इंजिन कितीही जोर करो, चारी चाकं जागेवर फिरली असती. वजन टाकलं, पकड साडेपाच टनांवर गेली आणि विमान हललं. आता ताकद किती लागली ते काढा. २.३ टनांची ओढ, ताशी आठचा वेग. सत्तर हॉर्सपॉवर.

दाजी : सत्तर?

मेहुणा : सत्तर. तुमच्या मोठ्या ट्रॅक्टरएवढी.

दाजी : मग ट्रॅक्टरने ओढून दाखव.

मेहुणा : चाकांवर पुरेसं वजन द्या, लो गिअर द्या, ओढेल. नांगरणीच्या आधी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरता ते कशासाठी?

दाजी हसले. आयुष्यभर टायरात पाणी भरत आलेला माणूस. हा हिशेब त्यांच्या हाताला माहीत होता, व्हिडिओ बघताना डोक्याला सुचला नव्हता इतकंच. पण लगेच हार मानणं त्यांच्या स्वभावात नाही.

दाजी : म्हणजे हजार न्यूटन मीटर फुकट, असं म्हण की सरळ.

मेहुणा : फुकट नाही, महाग. पहिल्या गिअरला हजारच्या हजार सोडले तर चारी टायर मिळूनही ते जमिनीवर उतरतील का, शंकाच आहे. आणि त्या हजारांसाठी बाकी सगळं वाढवावं लागलं. गिअरबॉक्स जास्त मजबूत. थंड ठेवायला जास्त रेडिएटर. धूर गाळायला एकाऐवजी दोन फिल्टर. तुम्हाला ४२० मिलिमीटरच्या डिस्कचं कौतुक वाटतं. मी म्हणतो, त्या हौसेने लावलेल्या नाहीत. वेग अडीच पट झाला की थांबवायची ऊर्जा सहा पट होते. शंभरवरून थांबणं वेगळं आणि अडीचशेवरून २६०० किलो थांबवणं वेगळं. लोखंडी डिस्क एका दमात लाल झाल्या असत्या. इंजिनाने वाढवलेलं दुखणं ब्रेकने निस्तरायचं. ते इंजिन आउडीने छोट्या आर-एट स्पोर्ट्स कारमध्येही घालून पाहिलं, २००८ च्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडलं. विकायला मात्र कधी आणलं नाही.

दाजी : घाबरले.

मेहुणा : शहाणे झाले. आणि किती शहाणे झाले ते २०१६ साली कळलं. एसक्यू-सेव्हन आली. त्याच कंपनीची, त्याच नावाची, पुढच्या पिढीची गाडी. सिलिंडर आठ, चार लिटर. ताकद ४३५ हॉर्सपॉवर, तुमच्या गाडीपेक्षा ६५ कमी. टॉर्क ९००, शंभर कमी. शून्य ते शंभर किती?

दाजींना हा आकडा माहीत होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मेहुणा : ४.८ सेकंद. पाऊण सेकंद कमी. कारण एक, गाडी काही शे किलोंनी हलकी केली. कारण दुसरं, तिचे ९०० न्यूटन मीटर १००० फेऱ्यांनाच येतात. बारा सिलिंडरवाली १७५० ला पोचायची. टर्बोचं रडगाणं तुम्हाला ठाऊक आहे. धुराने चाक फिरायचं, चाकाने हवा कोंबायची, आणि धूरच कमी असला की पाय दाबून वाट बघत बसायचं. इथे त्यांनी विजेवर चालणारा कॉम्प्रेसर घातला. ४८ व्होल्टची वेगळी लाइन, सात किलोवॅटची मोटर, पाव सेकंदात सत्तर हजार फेरे. धूर यायच्या आधी हवा तयार. तेच इंजिन बेंटलीने बेंटायगात घातलं आणि ताशी २७० काढून दाखवले.

दाजी : म्हणजे डिझेलला पळवायला वीज लागली.

मेहुणा : हो.

दाजी : हे तू जिंकल्यासारखं बोलतोयस, पण ऐकताना मला वाईटच वाटतं. माणसाने आपल्या फुप्फुसावर धावावं.

(हे वाक्य मला आवडलं. तांत्रिक दृष्ट्या त्याला काही अर्थ नसावा. टर्बो तरी कुठे इंजिनाचं स्वतःचं फुप्फुस आहे? पण दाजींना काय हवं आहे ते त्यातून जितकं कळतं, तितकं आकड्यांतून कळत नाही.)

दाजी : बरं, ताकद सोड. नजाकतीचं बोल. बारा सिलिंडरचं इंजिन चालू असताना त्यावर रुपया उभा करावा. तो पडत नाही. सहा सिलिंडरला ते जमायचं नाही.

मेहुणा : सरळ रांगेतल्या सहाला जमतं, दाजी. वर जाणारे आणि खाली येणारे पिस्टन एकमेकांचे धक्के पुरते खाऊन टाकतात. आणि व्ही-ट्वेल्व्ह म्हणजे काय? एका क्रँकवर बसवलेले असे दोन सहा. गुळगुळीतपणा त्याला मिळतो तो ह्या सहाकडूनच. व्ही आकाराच्या सहाला मात्र तो नसतो, तिथे तुमची तक्रार खरी ठरली असती. ह्या माहितीपत्रकातलं इंजिन सरळ सहाचं आहे. ३६७ हॉर्सपॉवर. ७५० न्यूटन मीटर, १३५० फेऱ्यांना. बोइंग ओढणाऱ्या पाच लिटरला जेवढा टॉर्क होता तेवढाच, तीन लिटरमधून. शंभरला ६.१ सेकंद. सुटताना धक्का द्यायला इथेही छोटी वीज आहेच, वीसेक हॉर्सपॉवरची. आणि जोडणी आपल्या चाकणला.

सीटचा मसाज, छताची काच, मागच्या पडद्यांवरचे सिनेमे यावर माहितीपत्रकाची निम्मी पानं खर्ची पडली होती. ह्या दोघांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. दाजींनी त्या पानावर कप ठेवला होता.

धुराचा विषय काढायला मी धजलो. खरं तर तोच काढायला हवा होता. मोठ्या डिझेल गाड्यांना कोणी दमवलं, तर धुराने.

दाजी : धुराचं मला सांगू नका. २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत दोन हजार सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांचं पासिंग बंद केलं. म्हणे मोठं इंजिन, मोठा धूर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एक टक्का पैसे भरून घेतले आणि उठवली बंदी. पैसे भरले की धूर कमी झाला काय?

मेहुणा : इथे मी तुमच्या बाजूने. सीसी हे धुराचं मापच नव्हे. महिन्याभरात महिंद्राने २.२ लिटरचं इंजिन १.९९ लिटरचं करून आणलं. एक्सयूव्ही ५०० ला ताकद आधीची १४०, नंतरची १४०. सीसी बघून तुम्ही मघाशी जी चूक केलीत तीच तिथे झाली.

दाजी : पुन्हा माझ्यावरच!

मेहुणा : पण धूर खरा आहे. जर्मनांनी केलं तेही खरं आहे. हे दुखणं आमच्या बेडवर रोज दिसतं. ह्या वाटीत ज्वाला जितकी गरम, तितकं काम चोख, काजळी कमी. पण तितकीच हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त. ज्वाला थंड केली की ती घटतात आणि काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून काजळीला फिल्टर आणि ऑक्साइडांना युरिया. तुमच्या नव्या बीएस-सिक्स ट्रकला निळ्या झाकणातून ओतता ते. पाणी आणि साडेबत्तीस टक्के युरिया. ते पुरेसं फवारलं तर धूर खरंच स्वच्छ निघतो. पण टाकी लवकर संपते, गिऱ्हाईक कुरकुरतं. तिथे फोक्सवॅगनवाल्यांनी प्रोग्राममध्ये लबाडी घातली. चाचणी चालू असली की शहाण्यासारखं वागायचं, रस्त्यावर मोकळं. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत ते उघड झालं ते छोट्या इंजिनांचं. नोव्हेंबरात तीन लिटरचं व्ही-सिक्सही निघालं, तुआरेग, केयेन, क्यू-सेव्हन, सगळ्यांत तेच. २०१८ मध्ये पोर्शेने डिझेल कायमचं सोडलं. त्याच वर्षी बेंटलीने युरोपातली डिझेल बेंटायगा आवरती घेतली. २०२० साली एसक्यू-सेव्हन पेट्रोलवर गेली. त्याच साली बीएस-सिक्स आलं तेव्हा आउडीने भारतातलं डिझेलही थांबवलं.

दाजी : म्हणजे इंजिन हरलं नाही. माणसं खोटं बोलली म्हणून गेलं.

मेहुणा : बारा सिलिंडरचं त्याच्या आधीच गेलं होतं, दाजी. घेणारेच कमी होते. पण बाकीच्यांचं म्हणाल तर, हो. तसंच.

दाजी : तुझ्याच लोकांनी.

मेहुणा : माझ्यासारख्याच लोकांनी. बेडवर उभं राहून, आकडे लिहिणाऱ्यांनी.

इथे वाद जरा बसला. मेहुण्याने पिस्टन पुन्हा कपाटावर ठेवला आणि हाताची काजळी माहितीपत्रकालाच पुसली. मला वाटलं आता संपलं. पण दाजींनी स्वतःच नवीन काडी टाकली.

दाजी : तू काय घेशील? खरं सांग. ह्याच पैशात.

मेहुणा : ह्याच पैशात, ह्याच चाकणची, ह्याच कंपनीची विजेवरची आहे. ईक्यूएस एसयूव्ही. २०२४ च्या सप्टेंबरात एक कोटी एक्केचाळीस लाखाला आली. ५४४ हॉर्सपॉवर, ८५८ न्यूटन मीटर, तेही शून्य फेऱ्यांपासून. शंभरला ४.७ सेकंद. तुमच्या बारा सिलिंडरपेक्षा ४४ हॉर्सपॉवर जास्त, आणि नोझल नाही, टर्बो नाही, युरिया नाही.

दाजी : वजन?

मेहुणा : ...पावणेतीन टनांच्या वर.

दाजी : आता आलास! मघापासून आउडीच्या वजनाचं ऐकवतोयस. ही तर तिच्यापेक्षाही जड. आणि तासगाव ते मुंबई जाऊन त्याच दिवशी परत यायचं तर मध्ये कुठे तास-दीड तास खोळंबायचं? द्राक्षाचा कंटेनर बंदरात अडकलेला असताना मी चार्जिंगच्या रांगेत बसून भजी खाऊ?

मेहुणा : म्हणूनच मी तुम्हाला ती घ्या म्हटलं नाही. मी काय घेईन ते विचारलंत. मी पुण्यात राहतो, रोज चाकणपर्यंत जातो. मला ती. तुम्हाला ही सहा सिलिंडरची. लांबचा पल्ला, भरलेली गाडी, मोठी टाकी. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र लागणाऱ्या माणसाला अजून डिझेलच परवडतं. फक्त तीन लिटरला नावं ठेवू नका.

दाजी : घेईन. पण सहा लिटर ते सहा लिटर.

ताई ताटं घेऊन आली तेव्हा दाजी फोनवर होते. ट्रायल कुठे घ्यायची ते ठरत होतं. दाजींना कुंभार्ली हवा होता, सातही सीट भरून, चिपळूणहून वर चढवत. समोरच्याने होकार दिला असावा, कारण दाजींनी अंगठा वर केला.

“चढवायचं तुम्ही,” मेहुणा पोळी मोडत म्हणाला, “परत चिपळूणकडे उतरवायचं मी. आणि उतरताना प्रत्येक वळणाला ब्रेक किती तापतात ते मोजणार आहे.”

“मी एसटीने येते,” ताई म्हणाली.